पांढरी तीन

"साहेब, तुम्हाला वेग हवा की शांतता?"

२००३ सालच्या मार्च महिन्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात मला हा प्रश्न विचारण्यात आला. विचारणारा गृहस्थ कोणी बैरागी नव्हता. त्याच्या कानावर पेन्सिल होती, एका हातात अर्धा कप चहा होता, आणि दुसऱ्या हाताने तो संगणकाच्या हार्ड डिस्क भाजीवाल्याने वांगी मांडावीत तशा काउंटरवर मांडीत होता. हाच प्रश्न एखाद्या मठात कोणी विचारला असता, तर विचार करायला मी निदान दोन दिवस मागून घेतले असते. पण मला संध्याकाळची डेक्कन क्वीन गाठायची होती. मी एका दमात म्हणालो, "वेग."

"बघा हं," तो म्हणाला. "ही मिनिटाला सात हजार दोनशे फेरे घेते. घरात आहे की नाही ते कळणार नाही. आणि ही दहा हजार. सर्व्हरमधली आहे, स्कझी. हिला निराळं कार्ड लागेल. पळते घोड्यासारखी. पण घोडा म्हटला की टापा आल्या."

मी घोडा घेतला. कार्डासकट त्याची किंमत माझ्या एका महिन्याच्या मिळकतीहून अधिक होती. घरी सांगताना मी तो आकडा थोडा खाली उतरवला. कितपत उतरवला हे येथे लिहिण्याचे धैर्य मला आजही नाही. कारण दिवाळी अंक आमच्या घरी येतो आणि आधी आत वाचला जातो.

माझा धंदा आवाजाचा. लोकांच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या स्पूल आणि कॅसेटी संगणकात उतरवून घ्यायच्या, त्यांतली खरखर काढायची, आणि उरलेल्या वेळात नाटकमंडळ्यांना पार्श्वसंगीत जुळवून द्यायचे. हे सारे सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत. आतली खोली स्वयंपाकाची आणि आम्हा दोघांची. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला माझे टेबल आणि समोरच्या भिंतीला नानांची बैठक. नाना म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षे त्यांनी त्या एकाच जाजमावर बसून गाणे शिकवले. जाजमावर मिरजेचे दोन तंबोरे, एक पेटी आणि एक तांब्याभांडे. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन तास शिकवणी. रात्री तंबोरे कोपऱ्यात उभे राहत आणि जाजमावर नानांची गादी पडे.

मला वेग कशाला हवा होता, तेही सांगायला हवे. नाहीतर वाचक म्हणतील, टेप ऐकायला मेली घाई कसली? टेप ऐकायला घाई नसतेच. तासाची टेप उतरवायला तास लागतो. पण तो एक तास चांगल्या प्रतीचा, म्हणजे सेकंदाला ९६,००० नमुने, २४ बिट, दोन वाहिन्या असा उतरवला की त्याचे दोन गीगाबाइटहून थोडे अधिक होतात. त्यावर एक खरखर काढण्याची क्रिया केली की ते सगळे दोन गीगाबाइट डिस्कवरून वाचायचे आणि पुन्हा डिस्कवर लिहायचे. पसंत पडले नाही तर पुन्हा तेच. नाटकाच्या कामात तर आणखी निराळी तऱ्हा. तेथे चोवीस पट्ट्या एकदम वाजतात: पावसाची एक, सतारीची एक, दार वाजल्याची एक. एकेका पट्टीचे ओझे काहीच नाही, पण त्या चोवीस पट्ट्या तबकडीवर चोवीस ठिकाणी लिहिलेल्या असतात. वाचणाऱ्या हेडला एकीचा घास घेऊन दुसरीकडे, दुसरीचा घेऊन तिसरीकडे असे सेकंदाला कितीतरी वेळा धावावे लागते. धावणे कमी पडले की ऐन प्रवेशात पाऊस तुटतो आणि दिग्दर्शक माझ्याकडे पाहतो.

आता या धावण्यात दोन प्रकारचा वेळ जातो. एक, हेडचा बाहू योग्य मार्गावर जाऊन पोचेपर्यंतचा. दुसरा, हवी ती नोंद फिरत फिरत हेडखाली येईपर्यंतचा. ७,२०० फेऱ्यांच्या तबकडीला एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात, १०,००० वालीला ६. सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे ४.१७ विरुद्ध ३. बाहूचा वेळ धरून माझ्या जुन्या डिस्कला दर उडीमागे तेरा मिलिसेकंद लागत, नव्या घोड्याला आठ. पाच हजारांश सेकंदांचा हा फरक ऐकून हसू नका. उड्या लाखांनी असतात.

यंत्र आले, बसले आणि खरोखरच पळू लागले. पाऊस तुटेना. मी इतका खूश झालो की नानांना बोलावून दाखवले. त्यांनी चष्मा लावून ती पोलादी वडी पाहिली.

"आत काय आहे?"

"तबकड्या आहेत, नाना. तुमच्या ग्रामोफोनसारख्या. फक्त या मिनिटाला दहा हजार फेरे घेतात."

"आमची अठ्ठ्याहत्तर घ्यायची," नाना म्हणाले. "त्यात तीन मिनिटांत आख्खा राग बसवायचे लोक. ही दहा हजारांत काय करते?"

"पाऊस पाडते," मी म्हणालो. नाना हसले आणि शिकवणीला बसले.

माझ्या लक्षात काही आले नाही, याचे कारण अगदी साधे आहे. काम करताना मी कानावर हेडफोन चढवून बसे. त्या यंत्राचा आवाज ऐकणारा घरात मी सोडून प्रत्येकजण होता. एप्रिलात नानांनी काही शिकवण्या जवळच्या देवळाच्या ओवरीत न्यायला सुरुवात केली. "तिथे वारं असतं," असे ते म्हणाले आणि पुण्याचा उन्हाळा लक्षात घेता ते मला पटले. जुलैत ते रात्री गॅलरीत झोपू लागले. पाऊस लागला होता, पागोळ्यांचे तुषार आत येत होते, आणि तरीही मी त्या उन्हाळ्याच्या वाऱ्यावरच विसंबून होतो.

शेवटी एके दिवशी ही म्हणाली, "अहो, नाना भर पावसात गॅलरीत का झोपतात, ते विचारलंत का तुम्ही?"

"का?"

"तुमची टेप रात्रभर उतरत असते ना. मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. ते तर शेजारीच झोपतात."

मी त्या रात्री हेडफोन न लावता बाहेरच्या खोलीत बसलो. प्रथम काही जाणवले नाही. मग रस्त्यावरची रहदारी थांबली आणि खोलीत एक स्वर उभा असलेला मला दिसला. दिसला असेच म्हणतो. बारीक, अखंड, न थकणारा. आणि त्यावर मधून मधून कोणी पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तशी खडखड. पहिला आवाज तबकड्यांच्या फिरण्याचा, दुसरा बाहूच्या उड्यांचा. दुकानदाराने पॅकिंगमध्ये सरकवलेला कागद मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. त्यात आवाज 'बेल' या मापात दिलेला असतो. माझ्या घोड्याचा नुसता उभ्या उभ्याचा आवाज त्या दुसऱ्या, शांत डिस्कपेक्षा एका बेलाने जास्त होता. एक बेल म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण एक बेल म्हणजे दहापट शक्ती. कानाला ते सुमारे दुप्पट भासते, ही निसर्गाने कानावर केलेली दया.

सकाळी मी नानांना म्हणालो, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुझं पोट आहे ते." मग थोडे थांबून, जणू एखाद्या विद्यार्थ्याची चूक सांगताहेत अशा आवाजात म्हणाले, "अरे, आवाजाचं मला काही नाही. रस्त्यावर बस जाते, मी काही म्हणतो का? पण ही तुझी पेटी गाते. पांढरी तीन. आमच्या पेटीपेक्षा केसभर चढी. आणि मी शिकवतो काळी एकमध्ये. म्हणजे काय झालं सांग."

मी आवाजाचा धंदेवाईक. पण बोटांवर मोजावे लागले. काळी एक षड्ज धरला तर पांढरी तीन म्हणजे कोमल गंधार.

"मी पोरांना भूप शिकवतो," नाना म्हणाले, "आणि मागे ही कोमल गंधार धरून बसलेली. मुलींना काळी चार देतो, तर तिथे तीच कोमल धैवत होते. भूपात तोही चालत नाही. तो कॉलेजातला मुलगा आहे ना, त्याचा गंधार दोन महिन्यांत खाली आला. त्याची काय चूक? दोन तंबोरे मध्यमाकडे ओढत नाहीत तेवढी ही एकटी ओढते."

मी कागद घेऊन बसलो. दहा हजार भागिले साठ: सेकंदाला १६६.६७ फेरे. काळी एकचा षड्ज १३८.६ धरला तर शुद्ध मापाचा कोमल गंधार त्याच्या सहा-पंचमांश पट, म्हणजे १६६.३. अर्ध्या कंपनाचाही फरक नाही. आणि नाना पेटीपेक्षा चढा म्हणाले होते तेही तंतोतंत खरे होते. कारण पेटीची पांढरी तीन १६४.८ वर असते. पेटी समान भागांत कापलेली, तंबोरा निसर्गाने लावलेला. थोडक्यात सांगायचे तर अमेरिकेत आखलेल्या त्या यंत्राचा कोमल गंधार आमच्या घरातल्या पेटीपेक्षा शुद्ध होता. भूपाचा शुद्ध गंधार १७३ च्या आसपास. त्याच्याशी या स्वराची टक्कर झाली की सेकंदाला सहा-सात ठोके पडतात. त्या पोराच्या गळ्याने ते ठोके चुकवायला खालची वाट धरली होती.

या हिशेबात एक गंमत निघाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० फिरते आणि लॅपटॉपमध्ये असे तसली ५,४०० ची ९०. नव्वदास एकशेवीस, म्हणजे तिनास चार. म्हणजेच मंद्र पंचम आणि षड्ज. दोन्ही जवळ ठेवल्या तर तंबोऱ्याच्या दोन तारा झाल्या. १०,००० आणि १५,००० यांचेही तसेच, तेथे षड्ज आणि त्याचा मध्य पंचम. मात्र ७,२०० आणि १०,००० एकत्र आल्या की तीव्र मध्यमाच्या अलीकडे कुठेतरी अडकतात, आणि नेमक्या याच दोन माझ्या पेटीत शेजारी शेजारी बसल्या होत्या. हे आकडे ठरवणाऱ्यांच्या मनात संगीत मुळीच नव्हते. १९५६ मध्ये आय.बी.एम.ने पहिली हार्ड डिस्क बाहेर काढली, ती जवळजवळ एक टन वजनाची, चोवीस इंचांच्या पन्नास तबकड्यांची. तिचे फेरे मिनिटाला १,२००, म्हणजे सेकंदाला वीस. माणसाचा कान जिथे ऐकायला सुरुवात करतो त्या उंबऱ्यावरच ती होती. तिला एक नोंद शोधायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. १९९६ मध्ये सीगेटने चीता या नावाने १०,००० फेऱ्यांची डिस्क काढली, २००० मध्ये १५,००० ची. उंबऱ्यावरून निघालेला स्वर चाळीस-पन्नास वर्षांत थेट दिवाणखान्यात येऊन बसला.

वेगाबरोबर आवाज का वाढतो, ते मला त्या दिवसांत वाचून कळले. तबकडीची कड ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने हवा कापीत असते. शिवाय जुन्या तऱ्हेच्या डिस्कमध्ये आस बारीक छर्‍यांवर फिरे. छर्रे कितीही गोल केले तरी थोडे कमीजास्त राहतात, आणि तेवढे थोडे दहा हजार वेळा ऐकू येते. नव्या शांत डिस्कमध्ये छर्‍यांऐवजी तेलाचा एक पातळ थर असतो. धातूला धातू लागतच नाही. मग उरते खडखड. बाहूला झटक्याने ढकलायचे आणि झटक्याने थांबवायचे, म्हणून ती होते. तीवरही उपाय होता. काही डिस्कना संगणकातूनच सांगता येई की बाबा, जरा बेताने जा. १२८ हा आकडा दिला तर ती चोरपावलांनी चाले, २५४ दिला तर धावे. बाहूचा वेग हळूहळू वाढवायचा, हळूहळू उतरवायचा. वेळ जास्त लागे, पण हरभरे वाजत नसत.

हे सारे कळूनही मी डिस्क बदलली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवे. एक तर पैसे गेले होते. दुसरे, एका नाटकाचे काम अंगावर होते. आणि तिसरे म्हणजे नाना स्वतःच "राहू दे" म्हणाले होते. वडिलांचे "राहू दे" किती सोयीचे असते! त्याचा खरा अर्थ काय, हे मुलगा सोयीनुसार ठरवतो.

त्याऐवजी मी युक्त्या केल्या. कोणीतरी सांगितले की डिस्क स्क्रूने घट्ट बसवली की सारा पत्रा तिच्याबरोबर गातो; ती टांगून ठेवावी. तेव्हा हिच्याकडून परकराच्या नाडीला घालतात ते इलॅस्टिक मागून घेतले आणि ती महिन्याच्या मिळकतीची वस्तू पेटीच्या आत पाळण्यासारखी टांगली. नानांनी येऊन पाहिले. "बारसं कधी?" असे विचारले. आवाज खरेच निम्म्यावर आला. पण डिस्क आपली उष्णता स्क्रूंवाटे पत्र्यात सोडून देत असते. पाळण्यात ती तापू लागली. तिसऱ्या दिवशी हात लावला तर चटका बसला. सायकलच्या ट्यूबचे तुकडे स्क्रूंखाली घालून पाहिले. पेटीखाली उशी घातली. मग पेटी गॅलरीत ठेवून तारा आत आणायचा विचार केला, तर गॅलरीत नाना! शेवटी सगळे पूर्ववत झाले. डिस्क स्क्रूंवर, नाना ओवरीत.

कोजागिरीच्या रात्री आमच्याकडे नानांचे पाचसहा विद्यार्थी जमत. दूध आटे, एकदोघे गात, मग नाना थोडे गात. त्या वर्षी मुले म्हणाली, "नाना, घरात एवढी यंत्रं आहेत, तुमचं एक रेकॉर्डिंग करून ठेवू द्या." नानांनी आजवर ते टाळले होते. रेडिओवर ते तरुणपणी दोनदा गायले होते आणि दोन्ही वेळा स्वतःवर नाराज होऊन घरी आले होते. त्या रात्री मात्र कबूल झाले. मी घाईघाईने मायक्रोफोन लावला. जागा अपुरी, यंत्र आणि मायक्रोफोन यांत फार तर तीन हात अंतर.

"नाना, यंत्राचा आवाज येईल," मी म्हणालो.

"येऊ दे. बागेश्री गातो. तुझ्या पेटीला तेवढाच राग येतो."

सगळे हसले. त्यांनी तंबोरा मध्यमाला लावून घेतला. मुलांनी खिडक्या लावल्या. मी डिस्क सुरू केली, आणि नानांनी डोळे मिटून षड्ज लावण्याऐवजी आधी यंत्राकडे कान देऊन ऐकले. दोनतीन श्वास तसेच गेले. मग त्यांनी मागल्या त्या अखंड कोमल गंधारावरच आवाज ठेवला, तेथून मध्यमावर गेले, आणि सावकाश षड्जावर उतरले. एकेचाळीस मिनिटे गायले. मी त्यांचे गाणे लहानपणापासून भिंतीसारखे ऐकत आलो होतो; भिंत अशी असते हे मला त्या रात्री समजले.

दिवाळी झाल्यावर मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो. तो गृहस्थ तेथेच होता, पेन्सिल कानावरच होती. मी काही बोलण्याआधी तो म्हणाला, "टापा?"

७,२०० फेऱ्यांची, तेलावर फिरणारी डिस्क घेऊन आलो, आणि तिला १२८ आकडा देऊन चोरपावलांनी चालवली. उडीमागे आता सतरा मिलिसेकंद लागू लागले. घड्याळ लावून पाहिले: ज्या कामाला घोडा तीन तास घेई त्याला हिला तीन तास चाळीस मिनिटे लागली. नाटकाचे काम रंगीत तालमीला अपुरे राहिले आणि पुढचे नाटक त्या मंडळीने दुसऱ्याकडे दिले. ही वस्तुस्थिती आहे. चांगुलपणाचे फळ गोड मिळते असे मी कोणाला सांगणार नाही. पण नानांची गादी जाजमावर परत आली. मी विचारले, "हिचा स्वर कोणता?" नाना बराच वेळ ऐकत राहिले. "धैवत म्हणावं तर नाही, निषाद म्हणावं तर नाही. हा स्वरच नव्हे. हा आवाज आहे. आवाज सोसता येतो." कागदावर पाहिले तर खरेच, १२० हा आकडा काळी एकच्या शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधोमध पडतो. कॉलेजातल्या मुलाचा गंधार मात्र जागेवर यायला पुढचा श्रावण उजाडला.

पुढे एक गोष्ट वाचनात आली, ती मी मुद्दाम नानांना सांगितली. २००८ च्या अखेरीस अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग नावाच्या अभियंत्याने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत तो डिस्कच्या कपाटासमोर उभा राहून चक्क ओरडतो, आणि पडद्यावरच्या आलेखात त्या डिस्कचे काम तेवढ्यापुरते मंदावलेले दिसते. हेड तबकडीपासून केसाच्या जाडीच्या कितीतरी सूक्ष्म अंतरावर तरंगत असते. बाहेरच्या आवाजाने ते मार्गावरून ढळते, आणि चुकलेली नोंद धरायला पुढच्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. (पुढे २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या एका बँकेत तर आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेताना वायू सुटण्याच्या नुसत्या आवाजाने डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे काम काही तास बंद पडले.) नानांनी ओरडणाऱ्या अभियंत्याची हकीकत लक्ष देऊन ऐकली.

"म्हणजे आमच्या शिकवणीचा तिलाही त्रास व्हायचा," ते म्हणाले. "आणि ती बोलली नाही."

हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटले, ते मी विचारले नाही.

नाना २०११ मध्ये गेले. पुन्हा रेकॉर्डिंग करू, शांत यंत्र आहे आता, असे आम्ही दोघेही म्हणत राहिलो आणि सात वर्षे गेली. आज कामासाठी माझ्याकडे जे आहे त्यात फिरणारे काहीच नाही. चिपांवर लिहिले जाते, चिपांवरून वाचले जाते. उडीला मिलिसेकंदाचा दहावा भागही लागत नाही आणि आवाज शून्य. लॅमिंग्टन रोडवरचा तो प्रश्न आता कोणी कोणाला विचारीत नसेल. लोकांच्या स्पूलींचा साठा तेवढा दोन मोठ्या हेलियम भरलेल्या डिस्कवर आहे, त्या आतल्या कपाटात पुटपुटत असतात. त्या ७,२०० च्याच आहेत. त्यांचे फेरे केसभर कमीजास्त असावेत, कारण कपाटाचे दार उघडे राहिले की दोघींच्या आवाजाची एक संथ लाट येते आणि जाते. तंबोरा लावताना तार जुळत आली की अशीच लाट येते. नाना तेव्हा खुंटी आणखी थोडी पिळत. येथे खुंटी नाही.

बागेश्रीची ती एकेचाळीस मिनिटे मी किती वेळा स्वच्छ करायला घेतली असतील! एक स्वर नेमका कापून काढणारी अरुंद चाळणी माझ्याजवळ आहे. खर्जातली विजेची गुणगुण मी रोज तिने काढतो. १६६.६७ वर ती लावली की यंत्राचा आवाज जातो, आणि त्याबरोबर नानांचा मध्य सप्तकातला कोमल गंधार पोकळ होतो. गाणे तिथे आले की जणू दात पडलेल्या तोंडासारखे वाटते. दुसरी रीत अशी की गाणे सुरू होण्याआधीची शांतता नमुना म्हणून द्यायची आणि तेवढी सगळीकडून वजा करायची. ते दोनतीन श्वास माझ्याजवळ आहेत. पण वजाबाकी केली की गंधारावरून आवाज ओसरतो तिथे त्याची शेवटची कड खरवडली जाते. यंत्राचा स्वर कुठे संपला आणि नानांचा कुठे सुरू झाला, हे माझ्या कोणत्याही साधनाला सांगता येत नाही. त्यांनी तो तसाच उचलला होता.

तो कॉलेजातला मुलगा आता चाळिशीत आहे आणि स्वतः शिकवतो. गेल्या महिन्यात येऊन त्याने विद्यार्थ्यांना ऐकवण्यासाठी ते रेकॉर्डिंग मागितले. मी न कापलेली प्रत दिली. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"दादा, त्या रात्री मी होतो, पण मला आठवत नाही. मागे सहा तारांचा तंबोरा होता का हो? एक तार गंधाराला लावल्यासारखी ऐकू येते."

"हो," मी म्हणालो. "एक तार होती."